मुठीएवढी फट

भांड्यांच्या जाळीतला एक चमचा आपोआप घसरला. खण्, एवढाच आवाज. पण दुपारच्या त्या शांततेत तो असा पडला की माझा हात जागच्या जागी थांबला. हातात ब्रश, ब्रशावर पांढरा गोंद, समोर उभ्या फळीच्या कडेवर अर्धी ओली रेघ. मी श्वासही घेतला नाही. आतल्या खोलीत ठकूनं कूस बदलली, पलंगाची पट्टी कुरकुरली, मग काही नाही. गोंद तोवर वाळायला लागलेला. हा गोंद कोणासाठी थांबत नाही. वाऱ्यावर त्याच्यावर साय धरते, आणि साय धरलेला गोंद फळीला चिकटत नाही, चिकटल्याचं नुसतं सोंग करतो. हे मला पाठ आहे. तरी मी तशीच उभी राहिले, दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या चोरासारखी. घर माझं, बाल्कनी माझी, फळ्या माझ्या, चमचासुद्धा माझाच; तरी ही दुपार कोणाची तरी चोरून आणल्यासारखी वाटत होती, आणि कोणीतरी दारात येऊन ती परत मागेल या भीतीनं माझे खांदे कानांपर्यंत चढले होते. कोणीतरी कसलं, ती आतली सव्वा हाताची मुलगी. तिचा श्वास पुन्हा लांब झाला तसे खांदे खाली आले. मी ओल्या फडक्यानं कड पुसली आणि गोंद पहिल्यापासून लावायला घेतला.

मी पेटी करत होते. गाडीच्या डिकीत बसते ती, स्पीकरची. तयार पेट्या बाजारात मिळतात, पण त्या कुठल्याही गाडीत बसतात, म्हणजे कुठल्याच गाडीत धड बसत नाहीत. मापाची करून घेणारे लोक मिस्त्रींकडे येतात. मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ, एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला भुसा. तिथे मी लग्नाआधी काम केलंय, लग्नानंतर केलंय, आणि पोट दिसायला लागल्यावरही थोडे दिवस केलंय. या वेळचं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. ते म्हणाले होते, "दिवसभर ते बारीक किर्र ऐकतो हो. घरी जाताना मला काहीतरी जाड ऐकायचंय." मिस्त्रींनी हे मला तसंच्या तसं सांगितलं, हसून नाही, एखाद्यानं आजार सांगावा तसं. मी ठकूला कडेवर घेऊन दुकानात गेले होते, नुसतीच, भेटायला म्हणून. असं मी घरी सांगितलं होतं आणि स्वतःलाही. बोळात माझं टेबल होतं तिथे रंगाचे डबे रचलेले. मी त्या डब्यांकडे पाहत होते आणि मिस्त्री माझ्याकडे. "घरी करशील एखादी?" ते म्हणाले. मी हो म्हणायच्या आधी त्यांनी ठकूकडे पाहिलं. "घरात मूल आहे." घरात ओल आहे असं म्हणावं त्या चालीवर. "करीन," मी म्हटलं. "कर. बघू." त्या 'बघू'वर मी घरी आले. पेटी नीट झाली तर काम परत. नाही झाली तर ते काही बोलणार नाहीत, फक्त मान हलवतील, आणि 'घरात मूल आहे' हे वाक्य कायमचं खरं ठरेल. मला पेटीपेक्षा त्या वाक्याची जास्त धास्ती होती.

खरं तर लाकूडकाम मला कोणी शिकवायला घेतलं नव्हतं. मी दुकानात हिशेब लिहायला लागले होते. एकदा एक पेटी वाजत असताना मी म्हटलं, "डावीकडून फुसफुसतेय." मिस्त्रींनी पेटीवर तळवा ठेवला, डावीकडे सरकवला, थांबवला. केसाएवढी चीर. त्यांनी हिशेबाची वही माझ्या हातातून काढून घेतली आणि पॉलिशपेपर दिला, संपलं. मग कळलं की पेटी म्हणजे लाकूड नाहीच. पेटी म्हणजे आत कोंडलेली हवा, आणि लाकूड नुसतं तिला धरून ठेवायला. हवा जितकी हवी तितकीच हवी. कमी झाली की आवाज घशात अडकल्यासारखा येतो, जास्त झाली की पसरट होतो, आणि कुठे फट राहिली तर पेटी श्वास टाकते, म्हाताऱ्या माणसासारखी. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं ढोंग आहे. मग मीही मिटायला लागले. तेव्हा मला एका वेळी एकच गोष्ट ऐकता यायची, ही केवढी श्रीमंती होती ते तेव्हा कळलं नाही. सातव्या महिन्यात एकदा मी अशीच एका पेटीजवळ बसले होते आणि खालचा सूर लागला तशी पोटात ठकू गपकन थांबली. तोवर तिची धडपड चालू होती, कोपरं काय, टाचा काय. सूर लागला आणि ती थांबली. मी घाबरले. मला वाटलं तिला त्रास झाला. मिस्त्री म्हणाले, "ऐकत असेल." पण मी उठले, हात धुतले, पदर सारखा केला आणि म्हटलं, थोडे दिवस येत नाही. थोडे दिवस. ती काही तक्रार करत नव्हती, कान देत होती, असं मला आता वाटतं. पण आता वाटून काय उपयोग? आता तिला विचारलं तर ती म्हणेल, "पोटात टीव्ही होता का?"

मग माझा कान बदलला. कोणी सांगितलं नव्हतं की असं होतं. पोट सुटणार, केस गळणार, पाठ धरणार, हे सगळ्यांनी सांगितलं. कान जाणार हे कोणी सांगितलं नाही. म्हणजे बहिरी झाले नाही मी, उलट. बंद दाराआडून, नळाच्या धारेतून, शेजाऱ्यांच्या भांडणातून मला ठकूचा श्वास ऐकू येतो. पण बाकी जगाला मी फक्त चाळते. या आवाजात ती आहे का? नाही, मग जाऊ दे. गाणं लागलं तरी मी त्याच्या मागे काही रडतंय का ते ऐकते. नवरा बोलत असतो आणि मी मान डोलावते. "अगं, मी काय म्हटलं आत्ता?" तो विचारतो. औषधांच्या दुकानात उभं राहून त्याचे पाय भरून आलेले असतात, दिवसभर लोकांचे खोकले ऐकून तोही विटलेला असतो, पण त्याचा कान त्याच्यापाशी आहे. "तू म्हणालास की मालक गेला." "मी म्हणालो मालक आला." "आला म्हणजे गेला असेल ना आधी," मी म्हणते, आणि आम्ही हसतो, दोन दमलेली माणसं हसतात तसं, नुसतं नाकातून. थकवा हा शब्दही आता जुन्या रुमालासारखा झालाय, कुठेही पडलेला असतो, कोणीही उचलून तोंड पुसतं. माझा थकवा अंगात नाही. अंग चालतं. थकलंय ते अंगाच्या आतलं वाट पाहणं. सतत कोणीतरी हाक मारणार आहे अशी वाट पाहणं. म्हणून मला ती पेटी हवी होती. पेटी हाक मारत नाही.

दुपारी ठकू झोपली की मी बाल्कनीत यायचे. दोरीवरचे कपडे एका बाजूला सारायचे, फळ्या भिंतीला टेकवायचे, खाली जुनी चादर, भुसा खालच्या मजल्यावर उडू नये म्हणून. मशीनचा आवाज करता येत नव्हता. फळ्या मी लाकडाच्या वखारीत मापानं कापून आणल्या होत्या आणि बाकी सगळं हातानं, दबक्या पावलांनी. हातोडी नाहीच. कडा घासायच्या त्याही लांब, हलक्या हातानं, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. फळ्या आवळून धरणारा क्लॅम्प पिळताना शेवटचा वेढा किंचाळतो, तिथे मी साबण लावला. मिस्त्रींनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, पेटी करतेस की दरोडा घालतेस? पण हळूहळू काम करण्याचीही एक गंमत असते. फळी आणि फळी एकमेकींना भेटतात तो काटकोन बोटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर. गोंदाचे मोती कडेनं सारखे फुटून आले की सांधा नीट बसला. ते मोती मी बोटानं पुसून घ्यायचे, आणि बोट वाळलं की त्यावरची पातळ कातडी सोलून काढायचे. ती कातडी ठकूला फार आवडायची. "आई, तुझं बोट निघालं!" "हो, खालून दुसरं आलं." "माझं काढ." मग तिच्याही बोटाला गोंद. पाचही बोटांना. सोलून काढलेल्या त्या पारदर्शक टोप्या तिनं खिडकीत ओळीनं ठेवल्या होत्या.

माप घेतलं तो दिवस मला नीट आठवतो, कारण तो चांगला गेला होता. डॉक्टरांनी गाडी आमच्या इमारतीखाली आणली. डिकी उघडून दिली आणि घाईघाईनं म्हणाले, "जरा लवकर कराल का? एक अक्कलदाढ वाट बघतेय." माणूस नाही, दाढ. मी हसले आणि ते चपापले. ठकू माझ्या आधी डिकीत चढून बसली होती, मांडी घालून, स्वतःच्या घरात बसावी तशी. डिकीची रुंदी घ्यायची असते तळाशी, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांच्या मधे, आणि माझा हात पलीकडच्या भिंतीला टेकेना. ती म्हणाली, "मी धरते." टेपचं टोक तिनं घेतलं, पलीकडे सरकली आणि भिंतीला हात टेकवून बसली. "सोडायचं नाही हं," मी म्हटलं. एरवी ती कुठलीही गोष्ट क्षणभर धरते आणि सोडते, ग्लास, फूल, माझा हात. या वेळी तिनं सोडलं नाही. ओठ आत ओढून, डोळे टेपवर रोखून, सगळं अंग त्या हातात आणून बसली. मी आकडा वाचला. "झालं?" तिनं विचारलं. "झालं. शाब्बास." हे म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला की मी तसा चेहरा कोणाचाच पाहिला नाही कधी. माप दोनदा घ्यायचं असतं. एकदा या बाजूनं, एकदा त्या. हे मिस्त्रींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी नंतर आलेल्या प्रत्येकाला. पण शाब्बास म्हणून झालं होतं. पुन्हा मोजायचं म्हणजे ते शाब्बास तिच्या हातातून काढून घ्यायचं. मी टेप सोडला, तो सरसरत डबीत गेला, आणि मी आकडा फळीवर लिहिला.

गोंद वाळला, कडा घासून झाल्या, पुढच्या फळीला स्पीकरचं गोल भोक पडलं. डॉक्टरांच्या सुट्टीच्या दिवशी ते गाडी खाली लावून समोर केस कापायला गेले. मी आणि नवऱ्यानं पेटी दोन बाजूंनी धरून जिन्यावरून उतरवली. तो उलटा उतरत होता. "हळू. एक मूल जन्माला घालताना एवढं वजन उचललं नव्हतं मी," तो म्हणाला. "तू काहीच उचललं नव्हतंस," मी म्हटलं. "बॅग उचलली होती की! चहाच्या थर्मासासकट." ठकू पुढे पळत होती, प्रत्येक पायरीवर वळून सांगत होती, "आता पायरी आहे!" पेटी डिकीत ठेवली. डाव्या बाजूला टेकवली. आणि उजव्या बाजूला फट राहिली. किती म्हणजे, तीन बोटं. मी पेटी उजवीकडे सरकवली, फट डावीकडे गेली. पुन्हा डावीकडे. फट काही जाईना, ती नुसती या बाजूची त्या बाजूला जात होती. मला आधी कळलंच नाही. डिकी वाढली का, असा वेडगळ विचार खरोखर मनात आला. नवरा म्हणाला, "थोडी जागा लागतच असेल ना?" तेवढ्यात ठकू आमच्या मधून आत घुसली, तिनं त्या फटीत हात घातला आणि मूठ वळली. मूठ बरोब्बर बसली. एका बाजूला तिची बोटं पेटीला, दुसऱ्या बाजूला हाताची पाठ भिंतीला, मधे केसाचीही जागा नाही. "आई बघ! माझी मूठ बसली!" आणि मला दिसलं. टेपचं टोक तिनं भिंतीला टेकवलं नव्हतं. ते मुठीत घट्ट धरलं होतं, सुटू नये म्हणून, आणि मूठ भिंतीला टेकवली होती. मी सोडायचं नाही म्हटलं होतं. टेकव म्हटलंच नव्हतं.

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी काळं वर आलं. ते लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. राग नव्हता तो, रागाला चेहरा असतो. ते एक भलंमोठं 'बघ' होतं. बघ, असंच होणार होतं. तू दुपारी चोरून आण, साबण लाव, श्वास धर, शेवटी एवढीशी मूठ मधे येणार आणि तू जिथे होतीस तिथेच. माझा हात उठला. मारायला नाही, तिला बाजूला करायला, पण ज्या जोरानं उठला तो मलाच कळला, आणि नवऱ्यालाही. तो पटकन म्हणाला, "ठकू, चल, डॉक्टरांचे केस किती राहिले बघून येऊ." ती मूठ काढेना. फटीत अडकवून बसली, हसत. "इथे माझं घर," ती म्हणाली. मी तिथेच डिकीच्या कडेवर बसले. लाकूड कापलं की कापलं. ते वाढत नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, कोणी एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, आणि मी बसून हिशेब करत होते, रुंदी मुठीएवढी कमी म्हणजे आतली हवा किती कमी.

डॉक्टर चकचकीत मानेनं परत आले. "बसली?" "जवळजवळ," मी म्हटलं. दातांच्या डॉक्टरांना हा शब्द पुरतो, ते रोज तोच वापरत असणार.

पेटी पुन्हा वर बाल्कनीत आली. संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "एक पट्टी ठोकून दे ना बाजूला. कोणाला कळतंय?" "पट्टीनं फट बुजेल. हवा कुठून आणू?" "हवा काय, खिडकी उघडली की येते." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात वर केले. "बरं, नवीन फळ्या आण. मिस्त्रींना सांग झालं असं." "त्यांना काय सांगू? मुलीनं टेप धरला होता?" "मग? खरंच धरला होता ना?" तो साधा माणूस आहे. त्याच्या दुकानात एक गोळी चुकली तर दुसरी देतात. मला त्याला मिस्त्रींचं ते वाक्य सांगता येईना. त्याला वाटलं असतं, मूल असणं ही काय लाजेची गोष्ट आहे? नाहीच. पण मिस्त्री मान हलवतील, आणि मी ठकूकडे पाहीन, आणि पुढे कितीतरी वर्षं, ती मोठी होईल, भांडेल, घर सोडून जाईल तोवर, कधीतरी मधूनच मला ती फट दिसेल. मला पेटी वाचवायची नव्हती. मला तिच्याकडे पाहायची माझी नजर वाचवायची होती. ठकू ताटातले बटाटे एकावर एक रचत होती. "हे पडत नाही," ती म्हणाली, आणि ते पडले.

उपाय मला मिस्त्रींच्याच एका जुन्या बोलण्यातून सुचला. पेटी लहान पडली तर तिला खोटं सांगायचं, ते म्हणायचे. आत कापूस भरायचा, मऊ, पिंजलेला, फार गच्च नाही. मग हवा त्यातून जाताना रेंगाळते, आणि पेटीला वाटतं आपण आहोत त्यापेक्षा मोठ्या आहोत. स्पीकरलाही तसंच वाटतं. ते हे एखाद्या वेळीच करायचे आणि करताना जरा खजील असायचे. आमच्या घरात तसला कापूस एकाच ठिकाणी होता. ठकूच्या पाळण्यातला लोड. ती पडू नये म्हणून कडेला लावायचो तो, आता कपाटावर धूळ खात पडलेला. मी तो खाली काढला, उसवायला बसले आणि मग थांबले. तिला विचारायला हवं असं वाटलं. "हा तुझा लोड आहे. पेटीत घालू?" तिनं त्याचा वास घेतला. "हा बाळाचा आहे," ती म्हणाली, तिऱ्हाईतासारखी. "तू होतीस ते बाळ." "मी नव्हते. ते दुसरं होतं." आणि तिनंच टाका ओढला. पेटीच्या गोल भोकातून माझा हात कोपराशी अडकत होता, मागचे कोपरे सापडत नव्हते. तिचा दंड सहज जात होता. मी ढगासारखे पुंजके द्यायचे, ती खांद्यापर्यंत आत हात घालून ते कोपऱ्यात बसवायची, गाल फळीला टेकलेला, डोळे बाल्कनीच्या छताकडे. "मऊ ठेव," मी सांगायचे, "दाबू नकोस." या वेळी मी दोनदा सांगितलं. बाजूची पट्टीही केली, मुठीएवढी, घासून गुळगुळीत, की पेटीचाच भाग वाटावी. मग वर काळं कार्पेट. स्पीकर बसवून त्याच्या पडद्यावर दोन बोटं हलकेच दाबली. पडदा आत गेला आणि सावकाश, अगदी सावकाश वर आला. कुठे फट नव्हती. हवा आत होती. थोडी खरी आणि थोडी मानलेली.

पेटी घेऊन आम्ही तिघं मिस्त्रींच्या दुकानात गेलो. डॉक्टर गाडी घेऊन आले होते, ते पुढे बसले, मिस्त्रींनी पेटी डिकीत ढकलली. ती बसली. हलवून पाहिली, हलली नाही. तारा जोडल्या. मग मिस्त्री म्हणाले, "मागे बस," आणि मी मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं. ठकू बाहेर, बापाच्या खांद्यावर. काचेआड तिचं तोंड हलत होतं, काय म्हणत होती ऐकू येत नव्हतं. सूर लागला. आधी तो कानात आलाच नाही. सीटच्या पाठीतून कमरेत आला, मग छातीत, मग खूप वेळानं वाटलं की हा आवाज आहे. जाड, गोल, कडा घासलेला. मी डोळे मिटले. आणि माझ्या ध्यानात आलं की या आवाजाच्या मागे मी काही शोधत नाहीये. कोणी रडतंय का, कोणी उठलंय का, काही सांडलंय का. मी चाहूल घेत नव्हते, ऐकत होते. किती वेळ, कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर आरशातून माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांचे डोळे ओले होते का तसे दिसत होते, मला सांगता येणार नाही. "हेच," ते म्हणाले. "हेच जाड."

मिस्त्रींनी मात्र पेटीवर तळवा ठेवला होता. डावीकडून उजवीकडे, उजव्या पट्टीपाशी थांबला. "आत काय भरलंयस?" "लोड." "कोणाचा?" मी बाहेर मानेनं दाखवलं. "किती कमी पडली?" "मुठीएवढी." त्यांनी पट्टी बोटांनी मापली, मग ठकूकडे पाहिलं, तिच्या बापाच्या केसांत रुतलेल्या तिच्या मुठींकडे. त्यांना कळायला वेळ लागला नाही. मी त्या वाक्याची वाट पाहत उभी राहिले. "दोनदा का नाही मोजलंस?" "तिला शाब्बास म्हणून झालं होतं." त्यांनी मान हलवली नाही. हसलेही नाहीत. दुकानात गेले आणि माझ्या टेबलावरचे डबे एकेक करून खाली ठेवायला लागले. नवरा मदतीला गेला. टेबलाच्या कडेवर माझ्या करवतीच्या खुणा होत्या तशाच. "घरी नको करूस," मिस्त्री पाठमोरे म्हणाले. "इथे ये. सकाळी ये, संध्याकाळी जा. घरी तू दोन कामं एका वेळी करतेस आणि दोन्ही नीट करतेस. मरशील अशानं." "आणि ही?" "ते तू बघ. गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे म्हणतात. मी काय सांगू, मला पोरांतलं कळत नाही." मग जरा थांबून, "सोमवारी आलीस तर बरं."

परत येताना नवरा खूश होता. तो दिवसभराचं सगळं आखत होता, सकाळी कोण सोडेल, संध्याकाळी कोण आणेल. मी हो म्हणत होते. खरंच हो म्हणत होते, मला हवं होतं ते. घरी येऊन तो त्याच्या औषधांच्या दुकानात गेला. मी ठकूला निजवायला घेतलं. बाल्कनी रिकामी झाली होती. भिंतीवर फळ्या टेकायच्या तिथे एक फिकट चौकोन, कोपऱ्यात चिमूटभर भुसा. तिला कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होते. तिथे खूप मुलं असतात. तिथे झोपायला गादी असते. दुपारी तू तिथे झोपशील आणि उठलीस की थोड्या वेळानं आई येईल. वाक्यं नीट बसत होती. मी तिच्या पाठीवर थोपटत होते, आणि तिचा श्वास लांब व्हायची वाट पाहत होते, सवयीनं, आज कुठेही जायचं नव्हतं तरी.

डोळे मिटलेलेच होते तिचे. "पेटी गेली?" ती म्हणाली.

"गेली."

"मग आता तू नाही गाणार?"

"मी कुठे गाते? मला गाता येत नाही."

"येतं. तिकडे. मी झोपले की." तिनं डोळे न उघडता बाल्कनीकडे बोट केलं. "मी डोळे मिटून ऐकते. हळू हळू गातेस. मग मी उठले की थांबतेस."

मी थोपटायची थांबले. कडा घासताना मी गुणगुणते की काय? तिनं माझा हात घेतला, आपल्या पाठीवर पुन्हा ठेवला, आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मी उठल्यावर तू का नाही गात?"